तेव्हा रांगच नव्हती: अमेरिकेत गेलेले युरोपियन मजूर आणि आपलं ग्रीन कार्ड

१९०७ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या माणसाला टेबलामागचा इन्स्पेक्टर एक प्रश्न हमखास विचारायचा, इथे तुझं काम ठरलंय का? आणि गावाकडून निघतानाच जाणत्या लोकांनी बजावून सांगितलेलं असायचं की ‘हो, ठरलंय’ असं चुकूनही म्हणू नकोस. कारण १८८५ चा एक कायदा होता, बाहेरच्या देशातून आधीच करार करून मजूर आणायला बंदी. हो म्हणालास तर परतीचं जहाज. पण मग ‘काहीच ठरलेलं नाही, जवळ पैसाही नाही’ असं म्हणालास तरी पंचाईत, कारण हा उद्या सरकारवर ओझं होणार असं वाटलं तरी परत पाठवायचे. म्हणजे मधलं काहीतरी सांगायचं. अंगात ताकद आहे, भाऊ अमुक रस्त्यावर राहतो, मिळेल ते काम करीन.

आज बरोबर उलटं आहे. नोकरी हातात नसेल तर एच-वन-बी व्हिसा नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, पंधरा वर्षं झाली, अजून ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या रांगेत आहे. त्याच चर्चेत कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला की युरोपातून गेलेले लोक कायद्याने गेले, रांगेत उभे राहिले, लगेच इंग्रजी शिकले, म्हणून अमेरिका मोठी झाली. आपल्याच लोकांनी त्याला अंगठे दिले. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण हा इतिहास मी बरीच वर्षं वाचतोय आणि ती गोष्ट तशी अजिबात नाही. म्हणून हे सगळं नीट पहिल्यापासून लिहितो.

कोण गेले आणि का गेले

साधारण १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत २ कोटींहून जास्त लोक अमेरिकेत गेले. त्याआधी गेलेले मुख्यतः आयरिश, जर्मन, इंग्रज, स्वीडन-नॉर्वेकडचे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, सुमारे १० लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८८० नंतरची लाट मात्र वेगळी, दक्षिण इटली, रशियन साम्राज्यातले ज्यू, पोलिश, स्लोव्हाक, लिथुएनियन, ग्रीक.

त्यांनी घर का सोडलं याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं आणि ते कुणी सांगत नाही. १८७० नंतर अमेरिकेत रेल्वे आतपर्यंत पोचली, तिथला गहू स्वस्तात बंदरावर यायला लागला आणि वाफेच्या जहाजाने युरोपात जायला लागला. युरोपात धान्याचे भाव पडले. सिसिलीतला, पोलंडमधला छोटा शेतकरी, ज्याच्या शेताचे वाटे होऊन होऊन हातात पट्टी उरलेली, तो या भावात टिकणार कसा? आयात वाढली आणि भाव कोसळले की आपल्याकडे कांद्याच्या, सोयाबीनच्या शेतकऱ्याचं काय होतं ते डोळ्यासमोर आणा म्हणजे कळेल. म्हणजे अमेरिकेच्या गव्हानेच तो शेतकरी उठवला आणि तोच पुढे अमेरिकेच्या भट्टीवर मजूर म्हणून उभा राहिला. दक्षिण इटलीत त्यावर मलेरिया, जड कर आणि जमीनदार, हे आणखी.

ज्यूंचं वेगळं. १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, १९०३ मध्ये किशिनेव्हला तर भीषण दंगल झाली. त्यांना साम्राज्याच्या ठरावीक पट्ट्यातच राहायची मुभा होती, धंदे बंद, शिक्षणावर मर्यादा. सुमारे २० लाख ज्यू १९२४ पर्यंत अमेरिकेत आले आणि ते बायकापोरांसकट आले, कारण परत जायला मागे काही उरलंच नव्हतं.

मुकादम, उचल आणि गाववाले

इटालियन पुरुष मात्र पहिल्यांदा एकटेच यायचे. चार पैसे कमवायचे, घरी पाठवायचे, जमिनीचा तुकडा घ्यायचा आणि परत जायचं हा बेत. कोकणातला चाकरमानी जसा मुंबईत राहायचा पण घर म्हणजे गावचंच, तसंच. अंदाजे निम्मे इटालियन खरोखर परत गेले. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, कारण आपल्याला वाटतं एकदा अमेरिकेला गेला तो गेलाच. काही तर दोनदा-तीनदा जाऊन आले, मंदी आली की परत, काम निघालं की पुन्हा जहाजात.

काम मिळवून देणारा एक माणूस असायचा, त्याला पाद्रोने म्हणत. आपल्याकडच्या वाचकाला याचा अर्थ एका शब्दात सांगता येतो, मुकादम. ऊसतोडीला टोळी नेणारा मुकादम जसा उचल देतो, गाडी ठरवतो आणि मग हिशोबात मजूर कायम देणेकरी राहतो, तसंच हे. तिकिटाचे पैसे तो द्यायचा, रेल्वेच्या कामावर टोळी तो न्यायचा, रेशन त्याच्याच दुकानातून घ्यायचं आणि भाव तो म्हणेल तो. नव्या माणसाला भाषा येत नाही, म्हणून साहेब आणि मजूर यांच्यामधला रस्ता फक्त याच्या हातात. पुढे पुढे गाववालेच एवढे झाले की मुकादमाची गरज कमी झाली, भावाने तिकीट पाठवायचं, मग मेव्हण्याने, आणि न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावर एकाच गावचे लोक शेजारी शेजारी.

जिन्यावर उभा असलेला डॉक्टर

एलिस आयलंड हे न्यूयॉर्कच्या बंदरातलं छोटं बेट. १ जानेवारी १८९२ ला तिथे तपासणी केंद्र सुरू झालं, पहिली उतरली ती आयर्लंडची ॲनी मूर नावाची १७ वर्षांची मुलगी. १९५४ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख लोक इथून गेले. एकट्या १९०७ मध्ये १० लाखांवर, आणि त्या वर्षी १७ एप्रिलला एका दिवसात ११,७४७.

पहिली गोष्ट, हे बेट फक्त गरिबांसाठी होतं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच व्हायची आणि ते थेट शहरात उतरायचे. जहाजाच्या पोटात, जिथे एकावर एक फळ्या टाकून झोपवायचे, तिथून आलेल्यांनाच बोटीत घालून बेटावर आणायचे.

बोचकं घेऊन मोठा जिना चढायचा. लोकांना वाटायचं तपासणी वर आहे, खरं तर जिना चढतानाच डॉक्टर बघत असायचा, कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय. माणसामागे काही सेकंद. संशय आला की कोटावर खडूने अक्षर. हृदयासाठी एक, पायासाठी एक, डोळ्यांसाठी एक, आणि डोकं ठीक नाही असं वाटलं तर फुली. सगळ्यात भीती खुपऱ्यांची, कारण तो डोळ्यांचा संसर्ग सापडला की परत पाठवणी जवळजवळ नक्की. त्यासाठी पापणी उलटी करून बघायचे आणि त्याला वापरायचे बुटाची बटणं लावायचा आकडा. आई पास, वडील पास आणि सहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर खडूची खूण, तर त्या आईला काय वाटलं असेल? कुणीतरी पोराबरोबर परत जायचं आणि बाकीच्यांनी इथे राहायचं, असं तिथल्या तिथे ठरवायला लागायचं.

तरीही आकडा बघा, परत पाठवलेले साधारण २ टक्के. म्हणजे ९८ टक्के लोक आत गेले, बहुतेक जण काही तासांत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि इथे साहेबाने नावं बदलली हा मोठा गैरसमज आहे. यादी जहाज कंपनी निघायच्या बंदरातच बनवायची, बेटावरचा इन्स्पेक्टर फक्त ती यादी वाचून टिकमार्क करायचा आणि शेजारी दुभाषी असायचा. नंतर न्यूयॉर्कचा गाजलेला महापौर झालेला फिओरेल्लो ला गार्डिया याच बेटावर १९०७ ते १९१० दुभाषी होता. नावं लोकांनी नंतर स्वतः बदलली, नोकरी मिळावी म्हणून, पोरांना शाळेत चिडवू नये म्हणून. मला तर हे जास्त जिव्हारी लागतं.

३२५ चौरस फूट

न्यूयॉर्कमध्ये ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट नावाची एक इमारत आज म्युझियम म्हणून जपलीय. १८६३ ला बांधलेली. १९३५ पर्यंत तिथे २० हून जास्त देशांतले सुमारे ७,००० लोक राहून गेले. एक घर साधारण ३२५ चौरस फुटांचं, तीन खोल्या, त्यातल्या एकीलाच रस्त्याकडची खिडकी. बिऱ्हाडात सहा-सात माणसं आणि वर भाडं परवडावं म्हणून पोटभाडेकरू. दिवसा त्याच खोलीत शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे, बाजूला चूल आणि पाळण्यात पोर. अशा भाड्याच्या इमारतींना तिथे टेनमेंट म्हणायचे. परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला याचं वर्णन करून सांगायची गरज नाही, फक्त चाळीला निदान लांब गॅलरी आणि उजेड असायचा, इथे दोन इमारतींच्या मधल्या अरुंद बोळातून हवा यायची आणि त्याच बोळात लोक कचरा टाकायचे. क्षयरोग घरोघरी. १९०१ मध्ये कायदा झाला, मग नव्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला संडास आणि खोल्यांना बाहेरची हवा सक्तीची झाली.

भट्टी

पिट्सबर्गकडे पोलादाच्या कारखान्यांत स्लोव्हाक, पोलिश, हंगेरियन. साध्या मजुराला तासाला सुमारे १६ सेंट, पाळी बारा तासांची, बऱ्याच खात्यांत आठवड्याचे सातही दिवस. आणि दर दोन आठवड्यांनी दिवसपाळीची रातपाळी करायची म्हणून एकदा सलग चोवीस तास भट्टीसमोर उभं राहायचं. हे १९२३ पर्यंत चाललं. घरी खाट पण वाटून, दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच गरम अंथरुणात. माझे आजोबा गिरणीत होते, ते खाणावळीतल्या अशाच दिवसांबद्दल बोलायचे तेव्हा आम्हाला ती गंमत वाटायची, त्यात किती थकवा होता ते आता कळतं.

पिट्सबर्गच्या त्या एका जिल्ह्यात जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात कामावरच्या अपघातांत ५२६ माणसं मेली. रोज एकाहून जास्त. डिसेंबर १९०७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात मोनोंगाहच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, सरकारी आकडा ३६२, त्यात खूप इटालियन. नुकसानभरपाईचा कायदा बहुतेक राज्यांत नव्हताच, माणूस मेला की कंपनी म्हणायची त्याने स्वतः नीट काळजी घेतली नाही, आणि विधवेला कोर्टात जाऊन उलट सिद्ध करायला लागायचं, तेही येत नसलेल्या भाषेत.

गिरणी, ३२ सेंट आणि एक मुलगी

मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स हे कापड गिरण्यांचं गाव. १ जानेवारी १९१२ पासून कायदा आला की बायका आणि मुलांचं काम आठवड्याला ५६ ऐवजी ५४ तास. चांगलंच झालं ना? पण मालकांनी तेवढा पगार कापला. आठवड्याचा सरासरी पगार पावणेनऊ डॉलरच्या आसपास आणि त्यातून सुमारे ३२ सेंट गेले, म्हणजे चार-पाच पाव. ज्या घरात पावच मोजून खातात तिथे हे लगेच कळतं. ११ जानेवारीला पाकीट हातात पडल्यावर पोलिश बायका साचे बंद करून बाहेर आल्या, दुसऱ्या दिवशी इटालियन, आणि काही दिवसांत २० हजारांहून जास्त लोक रस्त्यावर.

मालकांना खात्री होती की हे टिकणार नाही, कारण कामगार डझनावारी भाषा बोलणारे, एकमेकांचं बोलणं कळत नाही तर संप कसा चालवणार? कामगारांनी प्रत्येक भाषेचे प्रतिनिधी घेऊन समिती केली, प्रत्येक भाषण भाषांतर करून सांगितलं, सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवली. पोरांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांना न्यूयॉर्कला ओळखीच्या कामगार घरांत पाठवलं, आणि २४ फेब्रुवारीला अशीच मुलं पाठवताना स्टेशनवर पोलिसांनी आयांना आणि पोरांना मारलं. त्याने देश हादरला आणि वॉशिंग्टनला संसदेच्या समितीसमोर सुनावणी झाली.

तिथे कॅमेला तेओली नावाची १४ वर्षांची मुलगी बोलली. तिने सांगितलं ते असं की घरी एक माणूस आला आणि वडिलांना म्हणाला मुलीला कामाला का लावत नाही, ती अजून १४ ची नव्हती, तर त्याने ४ डॉलर घेतले आणि १४ वर्षं पूर्ण असल्याचा कागद आणून दिला. कामाला लागल्यावर मशीनमध्ये केस अडकले आणि डोक्याची कातडी सोलून निघाली. सात महिने हॉस्पिटलमध्ये. कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं, पगार दिला नाही. संप का केलास असं विचारल्यावर तिचं उत्तर एवढंच होतं की घरी पुरेसं खायला नव्हतं. समोर राष्ट्राध्यक्षांची बायको बसलेली होती. मार्चमध्ये मालक नमले, पगार वाढले आणि सगळ्यात कमी पगार असलेल्यांना सगळ्यात जास्त वाढ मिळाली.

पण मला कायम आठवतं ते यानंतरचं. कॅमेला पुढे त्याच गावात गिरणीतच काम करत राहिली, लग्न झालं, मुलं झाली. तिच्या डोक्यावरची केस नसलेली जागा झाकली जावी म्हणून मुलगी रोज आईचा अंबाडा घालून द्यायची. आणि त्या मुलीला, आई कधी वॉशिंग्टनला जाऊन बोलली होती हे माहीतच नव्हतं, कित्येक दशकांनी एका पत्रकाराने सांगितलं तेव्हा कळलं. रोज ती जागा हाताखाली आणि त्यामागची गोष्ट माहीत नाही. किती घरांत असं झालं असेल.

न्यूयॉर्कची ट्रँगल फॅक्टरीची आग बऱ्याच जणांनी ऐकली असेल, २५ मार्च १९११, ब्लाउज शिवणारा कारखाना, १४६ मृत्यू, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. चोरी होऊ नये म्हणून एक दार कुलूप लावून ठेवलेलं, कारखाना आठव्या ते दहाव्या मजल्यावर आणि अग्निशमनची शिडी सहाव्यापर्यंतच. मालक खटल्यात सुटले. पण रस्त्यावर उभी राहून मुली उड्या मारताना बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होती, ती पुढे १९३३ मध्ये देशाची कामगार मंत्री झाली आणि अमेरिकेतले किती तरी कामगार कायदे तिच्या हातून झाले.

“पण ते गोरे होते ना?”

हा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर दोन बाजूंनी द्यायला लागतं. समाजात त्यांना बरोबरीचं मानत नव्हते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं. १९०७ मध्ये संसदेने नेमलेल्या एका आयोगाने चार वर्षं खपून ४१ खंडांचा अहवाल दिला आणि त्याचा सूर असा की हे नवे लोक जुन्यांपेक्षा खालच्या दर्जाचे आहेत.

पण कायद्यात त्यांची जागा पक्की होती. १७९० पासून नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या माणसांना’ असं लिहिलेलं होतं आणि त्यात सिसिलीचा शेतमजूर बसायचा. तो मत देऊ शकायचा, पुढे त्याचा पोरगा नगरसेवक होऊ शकायचा. चिनी मजुरांना १८८२ मध्येच बंदी झाली. १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टा आखून भारतासकट बंद केला. आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड, जो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होता, त्याला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वंशशास्त्रात काही का असेना, सामान्य माणूस तुला गोरा मानत नाही, म्हणून नागरिकत्व नाही. तर इटालियनांचे हाल झाले हे खरं आणि त्यांना जे दार उघडं होतं ते आपल्यासाठी बंद होतं हेही खरं, एक सांगताना दुसरं लपवायचं नाही.

“पण ते कायद्याने गेले”

आता तो २ टक्क्यांचा आकडा आठवा. १९२१ च्या आधी युरोपातून किती लोक येऊ शकतात याला काही मर्यादाच नव्हती. पहिलं महायुद्ध येईपर्यंत व्हिसा लागत नव्हता, गावाकडे कचेरीत अर्ज नाही, नंबर लागायची वाट बघणं नाही. तिकीट काढायचं, बोटीत बसायचं, जिना चढायचा. रांग होती ती त्या एका हॉलमधल्या बाकांवर आणि ती संध्याकाळपर्यंत संपायची. त्यामुळे ‘ते रांगेत उभे राहिले’ या वाक्याला अर्थच नाही. आजचे नियम तेव्हा असते तर त्यातले बहुतेक जण घरीच राहिले असते, कारण त्यांच्याकडे ना डिग्री, ना नोकरीचं पत्र.

रांग नंतर आली, आणि ती आली मुळात यांनाच थांबवायला. १९१७ मध्ये वाचता येण्याची परीक्षा आणली, राष्ट्राध्यक्ष विल्सनचा नकाराधिकार डावलून. १९२१ मध्ये पहिला कोटा, म्हणजे प्रत्येक देशाला ठरावीक जागा. १९१० च्या जनगणनेत त्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत होते त्याच्या ३ टक्के. तरी इटालियन आणि ज्यू जास्तच येतायत असं वाटलं म्हणून १९२४ मध्ये ३ चे २ टक्के केले आणि जनगणना घेतली १८९० ची.

ही युक्ती नीट समजून घ्या. समजा एखाद्या कॉलेजने ठरवलं की यंदाचे प्रवेश १९९० च्या हजेरीपटावरून देणार, तेव्हा तुमच्या गावची जेवढी मुलं होती त्याच्या २ टक्के जागा तुमच्या गावाला. ज्या गावात शाळाच नंतर आली त्याला जवळजवळ शून्य. नियमात कुठल्याही गावाचं नाव नाही, पण कोण आत आणि कोण बाहेर हे ठरलेलं. १८९० मध्ये इटालियन आणि पूर्व युरोपचे लोक अजून फार आलेच नव्हते. इटलीचा कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. १९०७ या एका वर्षात इटलीतून २ लाख ८० हजारांहून जास्त आले होते, त्यावरून अंदाज घ्या. भारताच्या नावावर १०० जागा होत्या पण भारतीय वंशाच्या माणसाला नागरिकत्वच नाही म्हणून त्या त्याला मिळायच्या नाहीत. आणि १९३३ नंतर हिटलरपासून पळणाऱ्या ज्यूंना जे दार बंद मिळालं ते हेच.

“पण त्यांच्यामुळे इथल्यांची मजुरी पडली”

यात तथ्य आहे, उगाच नाही म्हणायचं नाही. मालक मुद्दाम वेगवेगळ्या भाषांचे लोक एकत्र ठेवायचे म्हणजे युनियन होऊ नये, आणि संप झाला की नुकत्याच उतरलेल्यांना काही न सांगता संप फोडायला आणायचे. बिनकौशल्याच्या कामात याचा ताण आधीच्या मजुरांवर आला. पण लॉरेन्समध्ये संप केला तो याच नव्या लोकांनी, १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांतून २० हजार मुली बाहेर पडल्या त्याही याच, आणि त्याआधीच्या कामगारांच्या सभेत क्लारा लेमलिख या तरुण मुलीने उभं राहून यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, संपाची हाक दिली. मजुरी पाडली कुणी, उतरलेल्याने की कापणाऱ्याने, हे मला तरी स्पष्ट दिसतं.

“पण ते लगेच मिसळून गेले”

नाही. ज्यू वस्तीतलं ‘फॉरवर्ड’ हे यिडिश दैनिक एके काळी २ लाखांवर खपायचं. पोरं शाळेत इंग्रजी शिकायची आणि डॉक्टरकडे, भाडं द्यायला, कोर्टात आईवडिलांचे दुभाषी व्हायची. डेट्रॉइटला फोर्ड कंपनीने १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर पगार जाहीर केला, पण त्यासाठी कंपनीचे लोक घरी येऊन बघायचे की घर स्वच्छ आहे का, पोटभाडेकरू ठेवलेत का, बचत करता का. कामगारांसाठी इंग्रजीची शाळा होती आणि तिच्या पदवीदानात स्टेजवर एक भलंमोठं भांडं ठेवायचे, लोक आपापल्या देशाच्या कपड्यांत त्यात उतरायचे आणि दुसऱ्या बाजूने सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर यायचे. टाळ्या वाजायच्या. त्या भांड्यात उतरताना माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा मी खूपदा विचार करतो.

जुन्या जनगणनेच्या नोंदी जोडून अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असं दिसलं की गरीब आलेला माणूस स्वतःच्या आयुष्यात फार वर चढला नाही, वर गेली ती त्याची मुलं. मिसळायला पिढी गेली, दोन गेल्या.

आणि ती रांग आपल्यापर्यंत कशी आली

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, जागा वर्षाला फक्त १००. मग १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याखाली सही करून १९२४ चा देशावर ठरणारा कोटा मोडला. आपले डॉक्टर, इंजिनियर गेले ते यानंतर. या कायद्यामागे जोर कुणाचा होता, तर त्याच इटालियन, ज्यू, पोलिश, ग्रीक मजुरांच्या मुलानातवंडांचा, त्यांच्या आईबापांना खालचे ठरवणारा कायदा त्यांना नको होता.

पण एक गोष्ट राहिली. सगळे देश समान म्हणून प्रत्येकाला एकच कमाल मर्यादा, आता ती ७ टक्के आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि भारत असो की आइसलंड, मर्यादा तीच. आइसलंडचं ठीक आहे, पण भारतातून अर्ज करणारे लाखोंनी, म्हणून रांग दशकांची. हेतू १९२४ सारखा नव्हता हे मी मानतो, तरी जन्म कुठे झाला यावर नंबर लागणं तेवढं तसंच राहिलं.

मावसभावाची मुलगी तिकडे गेली तेव्हा तीन वर्षांची होती, आता अठराची आहे. वडिलांच्या फाइलवर ती २१ व्या वाढदिवसापर्यंतच राहू शकते, त्यानंतर तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधायला लागेल. तिला मराठी कळतं, बोलताना अडखळते. परवा फोनवर ती मला विचारत होती की एलिस आयलंडवर पोरांना खरंच आईवडिलांपासून वेगळं परत पाठवायचे का, शाळेच्या सहलीला गेली होती तिकडे.